१२३४५६७८९८७६५४३२१: डेम्लो संख्या आणि फोनचा हुकणारा शेवटचा अंक

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. नऊ वेळा १ टाइप करा, गुणाकाराचं चिन्ह दाबा आणि परत नऊ वेळा १ टाइप करा. म्हणजे १११११११११ × १११११११११.

खरं उत्तर आहे १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढत जायचं आणि तसंच उतरत यायचं. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, संख्या तीच. पण तुमच्या स्क्रीनवर हेच आलं असेल असं नाही. काही कॅल्क्युलेटर १.२३४५६७८९८७E१६ असं काहीतरी लिहून मोकळे होतात. काही ठिकाणी पूर्ण संख्या दिसते, पण शेवटी १ च्या जागी ० असतो: १२३४५६७८९८७६५४३२०. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला हाच गुणाकार दिला तर तीसुद्धा ठामपणे हेच, म्हणजे शेवटी शून्य असलेलं उत्तर देते.

आता दुसरी-तिसरीतल्या पोराचं गणित लावा. गुणाकारात एककाच्या घरात १ × १ = १ च येणार. विषम संख्येला विषम संख्येने गुणलं की उत्तर विषमच येतं. म्हणजे शेवटी शून्य दिसलं की उत्तर चुकलं, हे कागद-पेन न घेताही सांगता येतं. मग सेकंदाला अब्जावधी क्रिया करणाऱ्या यंत्राला ते का कळत नाही? त्याचं उत्तर या संख्येच्या आकारातच आहे. संगणकाचा नेहमीचा खण या संख्येला बरोबर एका बिटने कमी पडतो. अशाच मर्यादेमुळे एक्सेलच्या याद्यांमध्ये लोकांचे खाते क्रमांकही बिघडतात, त्याबद्दल पुढे बोलू. आधी संख्या नीट बघून घेऊ, कारण ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.

केवढी मोठी आहे ही?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. एकूण १७ अंक. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त स्थानांची जी नावं आहेत (एक, दश, शत, सहस्र असं करत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध), त्या यादीत आपली संख्या 'मध्य' या घरापर्यंत पोहोचते. परार्धाच्या एक घर अलीकडे थांबते.

रोजच्या भाषेत सांगायचं तर ही साधारण १२३ कोटी कोटी. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या जवळपास १२१ कोटी होती. त्यातल्या प्रत्येकाला एक-एक कोटी रुपये वाटले तरी थोडे उरतील, एवढी.

मी खापरखेड्याचा. आमच्याकडे मोठा आकडा म्हटलं की औष्णिक केंद्रच आठवतं. तिथे २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच आहेत, एकूण क्षमता १३४० मेगावॅट. म्हणजे सगळे संच पूर्ण जोरात चालले तर दर सेकंदाला १३४ कोटी ज्यूल वीज. या वेगाने १२३४५६७८९८७६५४३२१ ज्यूल तयार करायचे झाले तर रात्रंदिवस न थांबता साधारण १०७ दिवस लागतील. साडेतीन महिने. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डेम्लो म्हणजे काय?

या कुटुंबातल्या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. पीएचडी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. कागद, पेन्सिल आणि अंकांचं वेड, एवढीच सामग्री.

डेम्लो हे जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून ३० मैलांवरच्या एका स्टेशनचं नाव. या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना कापरेकरांना तिथे सुचली, म्हणून त्यांनी तेच नाव देऊन टाकलं. हे स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली, असं सांगतात. अंतर तरी जुळतं: ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर. डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या हा लेख वाचत असाल तर खिडकीबाहेर एकदा बघून घ्या.

साध्या डेम्लो संख्येत तीन तुकडे असतात. पहिला आणि शेवटचा तुकडा मिळवला की मधला, पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळतो. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६. तसंच १६६५, तसंच १६६६५. ह्या संख्या १५ ला ११, १११, ११११ ने गुणून मिळतात. त्यांच्यातली सगळ्यात देखणी पोरं म्हणजे फक्त एक-एक असलेल्या संख्यांचे वर्ग: १, १२१, १२३२१, १२३४३२१… यांना 'वंडरफुल डेम्लो' म्हणतात. आपली संख्या या माळेतली नववी.

व्हॉट्सॲपवर 'गणिताची जादू' म्हणून हा एक-एकचा मनोरा वर्षानुवर्षं फिरतोय. कधी त्याला वैदिक म्हणतात, कधी अजून काही. ज्या मास्तरांनी त्याच्यावर एवढा जीव लावला त्यांचं नाव त्यात मी आजवर बघितलेलं नाही.

मनोरा बनतो कसा?

जादू काही नाही. शाळेतला उभा गुणाकार आठवा. १११ × १११ करताना १११ तीनदा लिहायचं, दरवेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रांगा मोजायच्या: पहिल्या रांगेत एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग परत दोन, मग एक. उत्तर १२३२१. नऊ-नऊचा गुणाकार केला की रांगा नऊपर्यंत चढतात आणि उतरतात.

दुसऱ्या पद्धतीने बघा. नऊ आडव्या आणि नऊ उभ्या ओळींचा चौरस काढा, प्रत्येक घरात १ लिहा. एकूण ८१ घरं. आपली संख्या म्हणजे या चौरसाच्या तिरक्या रांगांची मोजणी. म्हणूनच १ + २ + ३ + … + ९ + … + ३ + २ + १ ही बेरीज नेमकी ८१ येते. चौरसातलं एकही घर सुटलेलं नाही आणि एकही दोनदा मोजलेलं नाही.

यातून मित्रांना चकवायचा एक खेळ निघतो. १ ते ९ मधला कोणताही अंक निवडायला सांगा, समजा ६. तो नऊ वेळा लिहा: ६६६६६६६६६. त्याचा वर्ग करा. आता १ पासून ६ पर्यंत चढून परत १ पर्यंत उतरा आणि बेरीज करा: ३६. वर्गाला ३६ ने भागा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. सातने सुरुवात करा, दोनने करा, उत्तर हेच. कारण चढ-उताराची बेरीज म्हणजे त्या अंकाचाच वर्ग, आणि भागाकारात तो उडून जातो. (हा खेळ फोनवर दाखवायच्या आधी फोन शेवटचा अंक बरोबर देतो ना ते बघून घ्या, नाहीतर पचका होईल.)

मग दहावा मजला? दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर मधल्या रांगेत १० येतात. एका घरात दहा मावत नाहीत, हातचा घ्यावा लागतो. तो हातचा शेजारच्या ९ वर पडतो, तिथेही दहा होतात, परत हातचा, तो ८ वर पडतो आणि त्याचा ९ होतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मनोऱ्याचं शिखर ढासळलं, डाव्या बाजूचा ८ गायब झाला. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, येते ८२. प्रत्येक हातच्याला बेरजेतले ९ जातात. दोन हातचे, १८ गेले.

हा गायब होणारा ८ अजून एका जागी दिसतो. १२३४५६७९ ही संख्या घ्या, तिच्यात ८ नाहीच. तिला ९ ने गुणा: १११११११११. म्हणजे आपली १७ अंकी संख्या = ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९.

इथे थांबा जरा. अंकांची बेरीज ८१. आणि संख्येला ८१ ने पूर्ण भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद संख्या' म्हणतात. हर्ष देणारी. हे नावही कापरेकरांनीच दिलेलं! म्हणजे त्यांच्या दोन वेगवेगळ्या कल्पना या एका संख्येत येऊन भेटतात. असं सगळ्यांचं होत नाही बरं का. १२१ ची बेरीज ४, पण १२१ ला ४ ने भाग जात नाही. १२३४३२१ ची बेरीज १६, संख्या विषम, प्रश्नच मिटला. पहिल्या नऊ मजल्यांत (एकटा १ सोडला तर) हे भाग्य फक्त दोघांना मिळतं: १२३२१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१. मला तर ही या संख्येतली सगळ्यात छान गोष्ट वाटते. मनोरा सगळ्यांना दिसतो, ही भेट शोधावी लागते.

तिचे मूळ अवयव: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. एकूण ४५ विभाजक.

कापरेकरांच्या नावावर याहून प्रसिद्ध असलेली संख्या म्हणजे ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा, आणि हेच उत्तराला परत करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन अडकता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि मग जगाला देवळालीचे मास्तर कळले. तोवर सत्तर वर्षांचे झाले होते ते. १९८६ मध्ये ते गेले.

फोन नेमका कुठे चुकतो?

मनोरा नऊ मजले टिकतो कारण आपण दहाच्या पटीत मोजतो. सोळाच्या पटीत मोजलं तर तो पंधरा मजले टिकेल. संगणक दोनच्या पटीत मोजतो, त्याच्याकडे ० आणि १ एवढेच अंक. तिथे मनोरा एकच मजला टिकतो. दुसऱ्या मजल्याला (३ × ३ = ९, बायनरीत ११ × ११ = १००१) लगेच हातचा येतो. थोडक्यात, आपल्याला जे सुंदर दिसतं ते संगणकाला दिसतच नाही. त्याला दिसते ५४ बिटांची एक विषम संख्या.

आणि गोची त्या ५४ मध्ये आहे.

बहुतेक ॲप्स, ब्राउझर, एक्सेल हे सगळे संख्या ठेवण्यासाठी 'डबल' नावाची पद्धत वापरतात. १९८५ च्या आयईईई ७५४ या प्रमाणकात ती ठरली. एका संख्येला ६४ बिट्स: १ बिट चिन्हासाठी, ११ बिट्स संख्या किती मोठी आहे ते सांगण्यासाठी, ५२ बिट्स प्रत्यक्ष अंकांसाठी. शिवाय सुरुवातीचा १ गृहीत धरलेला असतो, तो लिहावा लागत नाही. म्हणून अंकांसाठी एकूण ५३ बिट्स मिळतात. बसच्या तिकिटापासून उपग्रहाच्या कक्षेपर्यंत सगळं यात मावतं, कारण संख्या मोठी झाली की फक्त घात वाढवायचा.

५३ बिट्सची हद्द म्हणजे २ चा ५३ वा घात, ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या डबलमध्ये अचूक राहते. त्याच्या पुढे दोन-दोनच्या उड्या सुरू होतात. सम संख्या मिळतात, विषम मिळत नाहीत. अजून पुढे गेलात की चार-चारच्या, मग आठ-आठच्या.

आपली संख्या या हद्दीच्या पलीकडे आहे, पण २ च्या ५४ व्या घाताच्या आत. म्हणजे पहिल्याच, दोनच्या उड्यांच्या पट्ट्यात. त्यात ती विषम. …३२० ला खुर्ची आहे, …३२२ ला आहे, मधल्या …३२१ ला नाही. दोन्ही शेजारी सारख्याच अंतरावर, मग जायचं कुठे? प्रमाणकाचा नियम असा की अशा वेळी ज्याचा शेवटचा बिट ० आहे त्याच्याकडे जायचं. तो निघतो …३२०. म्हणून शेवटी शून्य.

आधीचा मजला, ११११११११ चा वर्ग १२३४५६७८७६५४३२१, हद्दीच्या आत आहे. तो सगळीकडे बरोबर येतो. म्हणजे डेम्लोच्या माळेतला सर्वात उंच, न ढासळलेला मनोरा आणि डबलची हद्द एकमेकांच्या इतकी जवळ येतात की फक्त एक बिट हुकतो. हा निव्वळ योगायोग. पण तपासणीसाठी याच्यापेक्षा चांगली संख्या मला माहीत नाही, कारण चूक डोळ्यांनी दिसते.

एकाच गुणाकाराची किती उत्तरं मिळतात बघा:

जावास्क्रिप्टमधली साधी संख्या: १२३४५६७८९८७६५४३२०
एक्सेलचा सेल, सगळे अंक दाखवायला लावले तर: १२३४५६७८९८७६५४३००
जावामधला ३२ बिटांचा इंट: १६५३७३२५२९
पायथन: १२३४५६७८९८७६५४३२१

एक्सेल पहिले १५ अंक दाखवतं आणि पुढे शून्य भरतं. जावाचा इंट तर अजून भारी. त्यात २१४७४८३६४७ च्या पुढे जागाच नाही. वरचा सगळा भाग कापला जातो, उरतं ते ४२९४९६७२९६ ने भागल्यावरची बाकी. एरर नाही, वॉर्निंग नाही. उत्तर इतकं वेगळं की मूळ गणित ओळखूही येत नाही. पायथन मात्र लागेल तेवढी जागा घेत जातो, म्हणून बरोबर.

गुगलच्या अँड्रॉइड कॅल्क्युलेटरबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आतलं गणित हान्स बोएम यांनी मुद्दाम असं बनवलं की उत्तर डबलमध्ये कोंबलं जात नाही. सुरुवातीला उत्तर E१६ असं आखूड दिसलं तरी बोटाने सरकवत गेलात की पुढचे अंक मिळतात, शेवटच्या १ सकट. ज्या गोष्टीकडे शंभरातले नव्व्याण्णव लोक बघणारही नाहीत, त्यावर एवढी मेहनत घेतली याचं मला कौतुक वाटतं.

एका अंकाने काय होतं?

आता खापरखेड्याच्या विजेकडे परत या. साडेतीन महिने पाचही संच चालवून जेवढी वीज तयार झाली, त्यात एक ज्यूल कमी मोजला. कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही. एवढी अचूक मोजणी करणारं मीटर जगात नाही. डबल ही पद्धत मोजमापासाठीच बनली: वजन, अंतर, तापमान, वीज. तिथे सोळाव्या-सतराव्या अंकाची चूक म्हणजे धुळीचा कण.

पण काही संख्या मोजमाप नसतात, त्या नाव असतात. बँकेचा खाते क्रमांक, डेबिट कार्डाचा नंबर, सिमचा नंबर. एका अंकाने चुकलेला खाते क्रमांक 'जवळपास बरोबर' नसतो. तो दुसऱ्याचा असतो, नाहीतर कुणाचाच नसतो.

समजा एखाद्या कॉलेजात शिष्यवृत्तीची यादी एक्सेलमध्ये भरली जातेय. दोन पोरांचे खाते क्रमांक १६ अंकी, पहिले १५ अंक सारखे, शेवटी एकाचा ३ आणि दुसऱ्याचा ८. सेलमध्ये टाइप करून एंटर दाबलं की दोघांचाही शेवटचा अंक ०. दोघांचे क्रमांक एकच झाले आणि दोघांचेही चुकले. यादी पुढे गेली, पैसे परत आले किंवा अडकले. पोरगं तीन महिने खिडकीवर चकरा मारतं आणि 'तुझाच फॉर्म चुकला असेल' हे ऐकून घेतं. त्याने तर पासबुकावरून बघून बरोबर लिहिलं होतं.

कोणते नंबर धोक्यात आहेत? १५ अंकांपर्यंत एक्सेल ठीक आहे. आधार १२ अंकी, महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी, फोनचा आयएमईआय १५ अंकी (स्टार, हॅश, ०६, हॅश डायल केलं की दिसतो). आयएमईआय अगदी काठावर, पण वाचतो. डेबिट कार्डाचे १६ अंक, आधारचा व्हर्च्युअल आयडी १६ अंकी, काही बँकांचे १६ अंकी खाते क्रमांक, सिमच्या पाठीवरचा १९-२० अंकी नंबर, हे सगळे बिघडतात. कार्ड आणि व्हर्च्युअल आयडीत शेवटचा अंक तपासणीसाठीच ठेवलेला असतो, आधीच्या अंकांवरून तो काढलेला असतो. त्यामुळे तिथे शून्य घुसलं तर पुढची यंत्रणा 'नंबर चुकीचा' म्हणून अडवू शकते. खाते क्रमांकांना सगळ्या बँकांत सारखी अशी काही सोय नाही.

उपाय सोपा आहे, फक्त आधी करावा लागतो. नंबर भरायच्या आधी त्या कॉलमचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. किंवा नंबराच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाका, म्हणजे एक्सेल त्याला संख्या न मानता मजकूर मानतं. नंबर बिघडल्यावर फॉरमॅट बदलून काही होत नाही, गेलेला अंक परत येत नाही, तो फाइलमध्ये उरलेलाच नसतो. सीएसव्ही फाइलवर डबल-क्लिक करणं हा दुसरा सापळा. फाइल चांगली असते, उघडताना एक्सेल तिच्यातले लांब नंबर संख्या समजून बदलतं, आणि तुम्ही सेव्ह केलंत की मूळ प्रतही गेली. अशी फाइल 'डेटा' मेनूतून आत घ्या आणि त्या कॉलमला टेक्स्ट सांगा. नंबराची सुरुवात शून्याने होत असेल तर ते शून्यही याच उपायाने वाचतं.

कोड लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. २०१० मध्ये ट्विटरने ट्वीटचे क्रमांक ६४ बिटांचे केले, तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये ते ५३ बिटांच्या पुढे फुटायला लागणार हे उघड होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक क्रमांक दोनदा द्यायला सुरुवात केली, एकदा संख्या म्हणून आणि एकदा मजकूर म्हणून. आजही चांगला नियम हाच: ज्या क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही, तो जेसनमध्ये मजकूर म्हणून पाठवा. खात्याच्या दोन नंबरांची बेरीज कुणाला हवी असते? आणि मोठ्या पूर्ण संख्येचं खरंच गणित करायचं असेल तर जावास्क्रिप्टमध्ये २०२० च्या प्रमाणकापासून बिगइंट आहे, जावामध्ये लाँग आणि बिगइंटिजर आहेत.

६४ बिटांच्या लाँगमध्ये ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत जागा आहे. आपली १७ अंकी संख्या त्यात आरामात बसते. दहावा मजला, तो शिखर ढासळलेला १२३४५६७९००९८७६५४३२१, तोही बसतो. अकरावा बसत नाही. तुमचं नवीन ॲप तयार झालं की ज्या रकान्यात लांब क्रमांक जाणार आहे त्यात १२३४५६७८९८७६५४३२१ टाका, सेव्ह करा, ॲप बंद करून परत उघडा आणि शेवटचा अंक बघा.